रोजचा शेवटचा कागद

कापूस फुटला की माझं मन निबर होतं.

इतरांचं तसं होत नसावं. कार्तिकातलं ऊन मवाळ होतं, तापीकाठची काळी रानं बघता बघता पांढरी होतात. पहिल्या वेचणीला बायका शेताच्या कोपऱ्यात दहीभाताचा नैवेद्य ठेवतात आणि मग ओचा बांधून ओळीनं सरीत उतरतात. दुपारपर्यंत प्रत्येकीचं पोट सातव्या महिन्यासारखं फुगलेलं असतं, आणि त्यावरून एकमेकींची जी थट्टा चालते ती पुरुषांनी ऐकू नये अशी असते. सरकी काढणाऱ्या जिनाच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागते. बैल सोडलेले, गाडीवान गाडीखाली आडवे, आणि हवेत तंतूंचं धुकं. लोकांच्या तोंडावर या दिवसांत हसू असतं. मी मात्र या दिवसांत कमी बोलतो. बोंडाची वाळलेली पाकळी सुईसारखी टोकदार असते, हे वेचणाऱ्याच्या बोटांना माहीत असतं. बांधावरून पाहणाऱ्याला सगळं मऊच दिसतं.

यंदाही कापूस फुटला आहे. यंदा देश स्वतंत्र आहे, आणि धुळ्याच्या स्टेशनाजवळच्या एका बंद पडलेल्या जुन्या जिनात सिंधमधून आलेली माणसं उतरली आहेत. चाळीसगावच्या गाडीनं ती आली. ट्रंका, पितळेची भांडी, एकीच्या हातात शिवणयंत्राचं फक्त चाक. जिनाच्या आढ्याला वर्षानुवर्षांचा कापूस चिकटून जाळ्यांसारखा लोंबतो. वारा आला की तो झोपलेल्या मुलांच्या अंगावर पडतो. मुलं सकाळी उठतात ती पांढरे केस घेऊन. पहिल्या दिवशी ती हसली. आता त्यांना सवय झाली आहे.

या माणसांच्या मदतीसाठी गावानं एक कमिटी केली. अध्यक्ष म्हणून आबांना बसवलं. जिन त्यांचंच आहे, गावात वजन त्यांचंच आहे, आणि आता वयही झालं आहे. कमिटीला लिहिणारा हवा होता. कोणीतरी माझ्या अक्षराचं नाव काढलं. आबांसाठी काम करायचं म्हटल्यावर मी नाही म्हणेन अशी सगळ्यांची खात्री होती. जुन्या माणसांना कारण माहीत होतं. मी लगेच हो म्हणालो.

अठरा वर्षं मी आबांच्या घरचं पाणी प्यायलेलो नाही. समोरून त्यांचा टांगा आला तर मी रस्ता बदलला आहे. एका वर्षी त्यांच्या जिनात सरकीच्या ढिगाला आग लागली. धूर आमच्या शाळेच्या पटांगणातून दिसत होता. मी वर्ग सोडला, घरी गेलो आणि गुळाचा खडा तोंडात टाकला. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. आज लिहितो आहे, कारण जे लिहायचं आहे ते निम्मं लिहून चालणार नाही.

*

माझे थोरले भाऊ धुळ्यात वकील होते. मी त्यांना भाऊच म्हणत असे, आणि ते मला नाना. त्यांची वकिली मोठी नव्हती. पण एक काम त्यांच्याकडे आपोआप येत गेलं. सातपुड्यापलीकडे एक संस्थान होतं. तिथल्या राजाला शिकारीसाठी हाका घालायला, रस्ता बांधायला, लाकडं वाहायला माणसं लागत, आणि ती वेठीनं धरली जात. वेठ नाकारली तर पाठ फुटत असे. म्हणून माणसं डोंगर उतरून इकडे, इंग्रजी हद्दीत येत. मग संस्थानातून वॉरंट येई. वॉरंटात वेठीचा उल्लेख कधीच नसे. तिथं चोरी लिहिलेली असे. चोर म्हटला की मॅजिस्ट्रेटनं त्याला धरून संस्थानाच्या हवाली करायचा, असा कायदा होता. त्याच कायद्यात एक बारीक फट होती. धरलेल्या माणसाला आपलं म्हणणं मांडता येत असे, आणि ते ऐकून मॅजिस्ट्रेटला शंका आली तर तो हवाली करणं थांबवून वर सरकारला लिहू शकत असे.

"मला खटला जिंकायचाच नाही, नाना," भाऊ म्हणत. "साहेबाच्या मनात शंका टाकायची. मोहरीएवढी. तेवढ्यावर एक माणूस जगतो."

या कामाचे ते काही घेत नसत. वहिनी कधी कधी म्हणत, "तुमच्या अशिलांच्या पायांची धूळ झाडून माझा झाडू झिजला, त्याचं तरी कोणी काही देईल का?" पण त्या माणसांना चहा त्याच देत.

अशाच एका चैत्रात खुमान आला. बायको सोनकी बरोबर होती. तिशीचा असेल. उंच, काटक, आणि कोणासमोर बोलताना आवाज खाली न घेणारा. पहिल्या दिवशी तो ओसरीवर बसला आणि भाऊंच्या कपाटातल्या कायद्याच्या पुस्तकांकडे बराच वेळ पाहत राहिला.

"वकील भाऊ," तो म्हणाला, "इतली मोठी पुस्तकं. यामा मन्हं नाव कोठे शे?"

"नाव नाही, पण तुझ्यासाठी एक ओळ आहे."

"एकच?"

"एकच."

"मंग बाकीनी बठ्ठी कोनाकरता शेत?"

भाऊ इतके हसले की वहिनी आतून बाहेर आल्या.

खुमाननं गुन्हा केला होता तो असा: हाक्यात त्याचा भाऊ रानडुकरानं फाडला, तेव्हा खुमाननं राजाच्या वरच्या इंग्रज साहेबाकडे अर्ज केला की वेठ बंद करा. अर्ज त्यानं गावच्या शाळामास्तराकडून लिहून घेतला होता. त्या मास्तराचं पुढे काय झालं ते कळलं नाही.

*

आमच्या खान्देशात शेतावरच्या गड्याचं साल आखाजीला सुरू होतं. कोणी कागद करत नाही. अक्षय तृतीयेच्या दिवशी गडी मालकाच्या घरी येतो, पितरांची घागर भरलेली असते, त्याला पुरणपोळी आणि आमरसाचं जेवण मिळतं, आणि तो ताटावरून उठला की पुढच्या आखाजीपर्यंत त्या घरचा झाला. त्या जेवणाला साक्षीदार लागत नाही. ते कोणी नाकारत नाही.

नरडाण्याहून दोन कोसांवर तापीच्या काठी आबांचं गाव; जिन धुळ्यात, शेती तिथं. भाऊंनी खुमानला त्यांच्याकडे साली लावलं. मी तेव्हा नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो, आणि पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला सगळं लिहून ठेवावंसं वाटतं तसं मला वाटलं.

"भाऊ, आबांकडून दोन ओळी लिहून घेऊ या. अमुक दिवसापासून हा माझ्याकडे साली आहे, एवढंच."

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आबांच्या खिशात हात घालायला सांगत होतो. "आखाजीचं जेवण जेवल्यावर कागद मागायचा? आबा काय म्हणतील? हा वकील मला खोटा समजतो, म्हणतील."

चूक झाली ती ही. परका वकील असता तर त्यानं कागद घेतला असता. कागदावर पोट भरणारे भाऊ त्या एका ठिकाणी खान्देशी निघाले.

*

पोळ्याच्या दिवशी मी आबांच्या गावी गेलो होतो. खुमान कसा आहे ते बघून ये, असं भाऊंनी सांगितलं होतं. पाऊस उघडला होता, ज्वारी कमरेला लागली होती. वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं, आणि ढोलांच्या आवाजात बैलांच्या जोड्या येत होत्या. शिंगांना हिंगूळ, अंगावर गेरूचे ठसे. पहिला मान आबांच्या जोडीचा. ती जोडी खुमानच्या हातात होती. डोक्यावर नवा लाल फेटा. पोळ्याला आबा आपल्या गड्याला फेटा देत, तो. तोंड गुलालानं माखलेलं. तोरणाखालून जाताना एक बैल बुजला आणि माझ्या अंगावर आला.

"मास्तर, बाजूले सरका!" खुमान ओरडला. "यास्ले शाळा माहीत नही!"

सगळी वेस हसली. आबा पारावर बसले होते, तेही हसले. मी चष्मा पुसत बाजूला झालो. तो आवाज आजही माझ्या कानात आहे. दुसऱ्या कोणाचाही असूच शकत नाही असा.

*

मार्गशीर्षात वॉरंट आलं. खुमानला शेतातून धरून नेलं, दुसरी वेचणी चालू असताना. सोनकी सरीतून धावत आली. ओच्यातला कापूस वाटभर सांडत गेला, असं बघणाऱ्यांनी सांगितलं.

वॉरंटात लिहिलं होतं, यानं संस्थानाच्या खिल्लारातून दोन बैल चोरले. इंग्रजी तारीख दिली होती. भाऊंनी पंचांग उघडलं, बोटानं तारखा मोजल्या, आणि एकदम उभे राहिले.

"नाना! पोळा! नेमका पोळ्याचा दिवस!" त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "कोणत्या दिवशी कोण कुठं होता हे शेतकरी विसरेल, पण पोळ्याला आपले बैल कोणाच्या हातात होते ते विसरेल का? आबांनी एक वाक्य बोललं की झालं. शंका कसली, डोंगर उभा राहील."

साक्षीच्या दिवशी आबा पांढरं उपरणं घेऊन आले. शपथ घेतली. भाऊंनी विचारलं, हा माणूस तुमच्याकडे कधीपासून आहे? आबांनी खुमानकडे पाहिलं. मी नेमकं ते पाहणं पाहत होतो. त्यांनी ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसंच पाहिलं, आणि म्हणाले, "हा वेचणीला आलेला मजूर आहे. मार्गशीर्ष लागला तेव्हा आला. त्याच्याआधी मी याला कधी पाहिलेलं नाही."

खुमानला मराठी सगळी कळत होती.  त्यानं फेटा काढायला सोनकीला खूण केली. तिनं तो पदराखालून काढून भाऊंच्या टेबलावर ठेवला. संस्थानाच्या वकिलानं तो काठीच्या टोकानं उचलला. "असले फेटे बाजारात ढिगानं मिळतात."

आबांच्या जिनात येणारा निम्मा कापूस डोंगरापलीकडचा, त्याच संस्थानातला होता. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. भाऊंना माहीत होतं, आणि तरीही त्यांनी आबांना बोलावलं होतं, कारण आखाजीचं जेवण कोणी नाकारत नाही. कोर्टाबाहेर कडुलिंबाखाली आबा भाऊंजवळ आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वकीलसाहेब, मनमा धरू नका. मन्हा जिनमा माल कोठला येस, तुम्हले मालूम शे." भाऊंनी तो हात हळूच बाजूला केला. एखाद्याची चूकभूल बाजूला करावी तसा. मी त्या जागी असतो तर... पण मी त्या जागी होतोच. पुढची साक्ष माझी होती.

आता ते लिहितो. पोळ्याच्या दिवशी मी खुमानला पाहिलं होतं, ते मी सांगितलं. संस्थानाचे वकील उठले. गोड आवाज होता त्यांचा.

"मास्तर, चष्मा लावता?"

"हो."

"पोळ्याला गुलाल असतो?"

"असतो."

"तोंड माखलेलं होतं म्हणता. मग बैल नेणारा हाच, हे छातीवर हात ठेवून सांगता?"

मला पूर्ण खात्री होती. पण मी शिकलेला माणूस. शपथेवर नेमकं तेवढंच बोलावं, असं मी कुठं कुठं वाचलेलं. गुलाल होता हे खरं, चष्म्यावर धूळ होती हेही खरं. मी म्हणालो, "माझ्या समजुतीप्रमाणे, हाच."

भाऊंनी डोळे मिटून घेतले. मॅजिस्ट्रेटनं लिहिलं: साक्षीदार आरोपीच्या वकिलाचा भाऊ आहे, आणि त्यालाही खात्री नाही.

खुमानला नेताना तो हातकड्या वर करून भाऊंना म्हणाला, "आखाजीले येसू, वकील भाऊ. आबाना घर जेवाले." तो हसून बोलला. आबा ऐकण्याइतके जवळ होते.

पुढचं थोडकं आहे. भाऊ त्याच्यामागं संस्थानात गेले. बाहेरच्या वकिलाला उभं राहता येणार नाही, असं त्यांना दारातच सांगण्यात आलं. ते तिथल्या धर्मशाळेत तीन आठवडे राहिले, रोज एक अर्ज देत. मग हिवतापानं घेरलं. बैलगाडीत घालून त्यांना घरी आणलं तेव्हा अंगावरचा काळा कोट त्यांना काढू द्यायचा नव्हता. फाल्गुनात ते गेले. शेवटचे दोन दिवस वातात होते, आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, "तारीख कोणती? पंचांग बघ." खुमान त्यांच्यानंतर महिन्याभरात तुरुंगात मेला, असा निरोप सोनकी घेऊन आली. आखाजीचा दिवस होता. तिनं तो फेटा वहिनींच्या पायांशी ठेवला आणि गेली. कुठं, ते कळलं नाही. फेटा माझ्या ट्रंकेत आहे.

*

तर, यंदाचा कापूस.

कमिटीचं काम असं. निर्वासितांना धान्याचा पास आणि राहायला कायमची जागा मिळायला अर्ज लागतो. अर्जाच्या शेवटी एक वाक्य असतं, आणि त्याखाली गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही: या इसमास मी ओळखतो. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले आहेत. मी प्रत्येक अर्ज वाचून दाखवतो, सहीच्या जागेवर त्यांचं बोट टेकवतो, ते सही करतात. रोज वीस-पंचवीस माणसं. आबांनी आयुष्यात यांतलं एकही तोंड पाहिलेलं नाही, आता पाहूही शकत नाहीत. या इसमास मी ओळखतो. सही. या इसमास मी ओळखतो. सही.

तिसऱ्या दिवशी मला हे ऐकवेनासं झालं. चौथ्या दिवशी सकाळी, भाऊंच्या दौतीत टाक बुडवून, माझ्या चांगल्यात चांगल्या अक्षरात मी एक कागद लिहिला आणि गठ्ठ्यात सर्वांत वर ठेवला. आबा जिनाच्या ओट्यावर खुर्चीत बसले. मी वाचायला लागलो.

"खुमान, राहणार सातपुडा. हा आखाजीपासून माझ्याकडे साली होता. पोळ्याच्या दिवशी माझ्या मानाच्या जोडीचे कासरे याच्या हातात होते. या इसमास मी ओळखतो."

आबांचं बोट मी जागेवर नेलं. त्यांनी ते मिटून घेतलं.

"हाई काय शे?"

"सही, आबा."

"मास्तर, ह्या कागदना आते काय फायदा?"

"काहीच नाही."

ते काठी घेऊन उठले. खांबाला धडकले, सावरले, निघून गेले. मला वाटलं होतं आनंद होईल. झालाही, गुळाच्या खड्यासारखा. मग वळून पाहिलं तर त्या दिवसाचे सगळे अर्ज सहीवाचून पडले होते आणि रांग अजून उभी होती. रांगेच्या तोंडाशी लेखराज होते. सिंधमधले शाळामास्तर, माझ्याच वयाचे. हिंदी शिकवत, म्हणून देवनागरी जाणतात. नावं नीट लिहून घ्यायला ते मला मदत करतात.

"मास्टरजी, क्या हुआ? हमसे कुछ भूल हो गई?"

मी मान खाली घातली. माझ्या सुडाचं दाणापाणी या माणसांच्या ताटातून गेलं होतं. भाऊ असते तर माझ्याशी बोलले नसते. दुसऱ्या दिवशी मी आबांच्या घरी निरोप धाडला, आणि ते आले. मी सूड सोडला नाही. त्याची जागा बदलली. तो कागद आता सर्वांत शेवटी ठेवला. आधी रांग संपायची, पास मिळायचे, आणि मग मी तोच मजकूर, नवीन कागदावर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सावकाश वाचायचा.

आबांनी मला काढून का टाकलं नाही, ते तेव्हा मला कळत नव्हतं. दुसरा लिहिणारा मिळाला असता. ते रोज येत, रोज सगळं ऐकून घेत. शेवटच्या कागदाला मान वळवून आढ्याकडे बघत, काठीवर अंगठा घासत. सही करत नसत. उठून जात. मी तो कागद घडी करून ट्रंकेतल्या त्या फेट्यात ठेवी, आणि सकाळी पुन्हा नवीन लिही. शिक्षकाला एकच धडा वर्षानुवर्षं शिकवण्याची सवय असते. जिनातली सिंधी मुलं माझ्यामागं फिरत "आखाजीपासून! आखाजीपासून!" म्हणू लागली. त्यांना वाटलं, हा या गावचा कसला तरी मंत्र आहे.

मार्गशीर्ष लागला. दुसरी वेचणी सुरू झाली. गाड्या शिगोशीग भरून स्टेशनाकडे जायला लागल्या. मला झोप बरी लागत होती, हे कबूल करतो.

एके दिवशी रांग संपल्यावर लेखराज घुटमळले.

"मास्टरजी, एक बात पूछूँ? यह खुमान कौन-से कैंप में है? रोज़ सबका काम हो जाता है, उसी का काग़ज़ रह जाता है।"

 "पहाड़ के उस पार," मी म्हणालो.

"बाल-बच्चे हैं?"

"बीवी थी।"

त्यांनी मान हलवली. त्या दिवसाचं शेवटचं वाचन सुरू व्हायच्या आधीच ते आबांच्या खुर्चीसमोर गेले आणि हात जोडून उभे राहिले. आबांना दिसत नव्हतं, तरी जोडून.

"साहब, आपने हम सब पर मेहरबानी की। हमें तो आप जानते भी नहीं थे। इस ग़रीब का भी कर दीजिए। अच्छा ही आदमी होगा।"

 आढ्यातून कापसाचा एक पुंजका सुटला आणि हळूहळू खाली येऊन आबांच्या उपरण्यावर बसला. त्यांना कळलं नाही.

"चांगला व्हता," आबा म्हणाले. "भलता तोंडाना व्हता, पन बैल त्यानं ऐकेत."

मग मी वाचण्याआधीच त्यांनी स्वतः म्हटलं. रोज ऐकून पाठ झालेलं, पण शब्द माझे नव्हते.

"आखाजीपाईन तो मन्हाकडे सालवर व्हता. पोयाले मन्हा बैल तोच वेशीमा लई गया. मी पारवर बठेल व्हतू. मी देखं."

लेखराजांना भाषा कळली नाही. "क्या कहते हैं?"

"कहते हैं," मी म्हणालो, "कि मैं इसे पहचानता हूँ।"

"शुक्र है," लेखराज म्हणाले, आणि खरोखरच त्यांच्या तोंडावर समाधान आलं.

मी कागद पुढं केला. बोट धरायची गरज पडली नाही. आबांनी सही केली, वेडीवाकडी, ओळ सोडून गेलेली. मी अठरा वर्षं या सहीची वाट पाहिली होती. भाऊंच्या डोळ्यांपुढे ती धरावी असं वाटलं, आणि भाऊ नाहीत. खुमानच्या पायावर ठेवावी, तर तोही नाही. हातात एक कागद होता, आणि माझा राग जिथल्या तिथं होता. धुतलेल्या भांड्यासारखा, आणखी लख्ख.

आबा उठले नाहीत. त्यांनी काठी जमिनीवर आपटली.

"मास्तर."

"काय, आबा?"

"तुन्हा कागद कोठे शे?"

मी टाक खाली ठेवला.

"कोरटमा मी खोटं बोलनू. तुन्हा भाऊनी मराना आधी मन्हं तोंड नही देखं, ठीक शे. पन तुले त बठ्ठं मालूम व्हतं. तू बी व्हतास वेशीमा. बैल तुन्हाच आंगवर उना व्हता, मी हसनू व्हतू. मंग 'समजुतीप्रमाणे' काबर म्हननास तू?" त्यांचे पांढरे डोळे बरोबर माझ्या तोंडावर थांबले होते. "अठरा साल झाया, मी वाट देखी राहिनू. कोणी त विचारी या मास्तरले."

तेव्हा मला कळलं, ते रोज का येत होते.

सकाळी मी दोन कागद लिहिले. एक नेहमीचा. आबांनी एकदा सही केली म्हणून तो मी थांबवणार नाही, आणि थांबवावा असं तेही म्हणालेले नाहीत. दुसरा माझा. त्यात एवढंच आहे: पोळ्याच्या दिवशी वेशीत मी खुमानला पाहिले. तोच होता. तो मला म्हणाला, मास्तर, बाजूले सरका. मी त्याला ओळखतो. हे मी शपथेवर सांगायला हवे होते आणि सांगितले नाही.

आता रांग संपली की आधी मी आबांचा कागद वाचतो आणि ते सही करतात. मग जागा बदलते. मी उभा राहतो आणि लेखराज माझा कागद वाचतात. 'ळ' त्यांच्या जिभेवर बसत नाही, पोळ्याचा 'पोला' होतो, आणि कुठल्या खुमानसाठी हे दोघे रोज सही करतात, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही. ते वाचतात तोवर आबा काठीवर दोन्ही हात ठेवून, मान जराही न वळवता, ऐकत असतात. एखाद्या शब्दाला माझी चुळबुळ त्यांच्या कानी आली तर म्हणतात, "फिरी वाचा, गुरुजी. मास्तरले नीट ऐकू उनं नही."

लेखराज पुन्हा वाचतात. मी सही करतो.

कापसाची अजून एक वेचणी बाकी आहे.